व्हिनिलची जमीन आणि किनाऱ्यावरची वाळू

कोकणातील घराचे वर्णन करणारे लेखक बहुधा त्याच्या कौलांपाशी, चिऱ्याच्या भिंतींपाशी आणि भोवतालच्या माडपोफळींपाशी रमतात. पायाखालच्या जमिनीचा उल्लेख अपवादानेच येतो, आणि आलाच तर 'सारवलेली' या एका विशेषणात त्याची बोळवण होते. वास्तविक मालवण, देवगड, वेंगुर्ले या किनारी तालुक्यांतील गृहिणींच्या श्रमांचा फार मोठा हिस्सा पिढ्यानपिढ्या या जमिनीनेच वसूल केलेला आहे, आणि आज अनेक घरांत शेणाच्या जागी व्हिनिलचे गुळगुळीत आच्छादन आले असले तरी ती वसुली माफ झालेली नाही.

शेणाच्या जमिनीचा व्यवहार सरळ होता. चोपण्याने ठोकून घट्ट केलेल्या मातीवर शेणमातीचा काला हाताने फिरवायचा, रंग काळाभोर हवा असेल तर त्यात नारळाची सोडणे जाळून केलेली पूड मिसळायची, आणि काही दिवसांनी पावलांनी झिजून पोपडे सुटू लागले की त्यावर दुसरा हात द्यायचा, हा तिचा मामुली क्रम. अशा जमिनीला डागाची धास्ती नसे, कारण डाग पुढच्या सारवणाखाली गडप होई. ओरखड्याचे भय नसे, कारण ती झिजण्यासाठीच घातलेली असे. पुढे सुस्थित घरांत तांबडा कोबा आला, शहाबादी फरशी आली, मुंबईच्या चाकरमान्यांच्या पैशाने मोझॅक आले, आणि प्रत्येकाबरोबर निगेचा एक नवा रिवाज रूढ झाला: कोब्याला खोबरेलाचा हात, शहाबादीला धुण्याच्या सोड्याचे पाणी, मोझॅकला रॉकेलचे थेंब टाकलेले ओले फडके. ही पूर्वपीठिका सांगण्याचे कारण असे की व्हिनिलच्या जमिनीची जी दुर्दशा घरोघर दृष्टीस पडते, ती आळसापेक्षा या जुन्या, दुसऱ्या जमिनींसाठी शिकलेल्या निगेमुळेच अधिक झालेली असते. सारवलेली जमीन निगेने नवी होते. व्हिनिलची जमीन कोणत्याही निगेने नवी होत नाही, तिचे जुने होणे तेवढे लांबणीवर टाकता येते. हा भेद ज्याच्या ध्यानी आला त्याला पुढील इलाजांपैकी निम्मे आपोआप सुचतील.

जमिनीवर अखंड आच्छादन पसरण्याची कल्पना युरोपात रुजली. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजाने १८६३ मध्ये लिनोलियमचे पेटंट घेतले. उघड्या राहिलेल्या रंगाच्या डब्यात जवसाच्या तेलावर घट्ट साय धरते, या कोणाही रंगाऱ्याच्या परिचयाच्या गोष्टीतून त्याने हा उद्योग उभारला, आणि घट्ट झालेल्या तेलात बुचाच्या झाडाच्या सालीचा भुसा मिसळून तो लगदा तागाच्या किंतानावर पसरला. व्हिनिलची वंशावळ निराळी आहे. पॉलिव्हिनाइल क्लोराइड, म्हणजे ज्याला आपण पीव्हीसी म्हणतो तो पदार्थ, जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑयगेन बाउमान याला १८७२ मध्ये उन्हात राहिलेल्या काचपात्रात पांढऱ्या घन रूपात आढळला. परंतु तो इतका ठिसूळ होता की पुढे अर्धे शतक त्याचे काय करावे हे कोणाला उमगले नाही. १९२६ मध्ये अमेरिकेतील गुडरिच कंपनीत वाल्डो सेमन हा संशोधक रबर धातूला चिकटविणाऱ्या पदार्थाच्या शोधात असता, त्याने पीव्हीसी एका जड, सहज न उडणाऱ्या द्रवात तापविले आणि त्याला अनपेक्षितपणे लवचिक गोळा मिळाला. १९३३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात व्हिनिलच्या फरशा मांडल्या गेल्या, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांनी लिनोलियमला बाजारातून बहुतांशी हद्दपार केले. आपल्याकडे आगगाडीच्या डब्यांची जमीनही पीव्हीसीचीच असते, तेव्हा १९९८ मध्ये कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्यापासून कुडाळला किंवा कणकवलीला उतरणारा प्रत्येक चाकरमानी घरी पोहोचण्यापूर्वी रात्रभर व्हिनिलवरच पाय ठेवून आलेला असतो, मग त्याच्या घराच्या वळईत ते अंथरलेले असो वा नसो.

या इतिहासातील सेमनचा तो जड द्रव गृहिणीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. व्हिनिलला मऊपणा देणारी ही द्रव्ये पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडलेली नसतात; ती त्यात केवळ मुरलेली असतात, आणि तेल, रॉकेल, थिनर यांसारखे पदार्थ त्यांना हळूहळू बाहेर ओढून घेतात. परिणामी जमीन कडक होते, आकसते, तिच्या कडा वळतात. नखांचा रंग काढण्याचे द्रव्य, ज्यात बहुधा ॲसिटोन असते, ते तर व्हिनिलचा पृष्ठभागच विरघळवते. मोझॅकवर रॉकेलचे फडके फिरविण्याची सवय व्हिनिलवर चालू ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य स्वहस्ते तोडणे होय, आणि दुर्दैवाने रॉकेल फिरवल्यानंतर पहिले काही दिवस जमीन चकाकते, त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांना आपला इलाज बरोबर होता असेच वाटत राहते.

दुसरी जाणून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे व्हिनिलची घडण. तळाशी आधाराचा थर, त्यावर लाकडाची, संगमरवराची अगर नक्षीची छपाई, आणि सर्वांत वर एक पारदर्शक थर, जो झिजण्याचे काम एकटा करतो. बाजारात गुंडाळीने मिळणाऱ्या स्वस्त मालात हा थर नखाहूनही पातळ असतो. तो गेला की छपाई जाते, आणि छपाई गेल्यावर कोणताही शिर्का, सोडा वा मेण तिला परत आणू शकत नाही.

हा थर नष्ट करणारा मालवणच्या किनाऱ्यावरचा मुख्य शत्रू म्हणजे वाळू. तारकर्ली आणि देवबागच्या ज्या शुभ्र वाळूच्या दर्शनासाठी लोक दुरून येतात, तिचा मोठा अंश गारगोटीचा, आणि गारगोटीचे काठिण्य खनिजशास्त्राच्या दहाच्या मापात सात भरते. पोलादी सुरीचे पातेही त्याखाली राहते, मग व्हिनिलची कथा काय. चपलेला चिकटून आलेले कण पावलाच्या भाराने पारदर्शक थरात रुततात, फरफटतात, आणि त्या असंख्य सूक्ष्म ओरखड्यांत मळ बसतो. ज्याला आपण 'जमीन काळवंडली' म्हणतो ती वस्तुतः ओरखड्यांत साचलेली धूळ असते. म्हणून व्हिनिलच्या निगेतील पहिला आणि माझ्या मते सर्वश्रेष्ठ घरगुती उपाय बादलीत नसून दाराबाहेर आहे. उंबऱ्याबाहेर, चिऱ्याच्या पायरीवर, काथ्याचे खरखरीत पायपुसणे. उंबऱ्याच्या आत जुन्या लुगड्याच्या घड्यांचे मऊ पायपुसणे. आणि दोहोंच्या बाजूला पाय धुण्यास पाण्याचा तांब्या, ही जुनी त्रिस्तरीय व्यवस्था मोडू नये. रबराच्या तळाचे पायपुसणे मात्र व्हिनिलवर कदापि ठेवू नये. रबर टिकावे म्हणून त्यात घातलेली द्रव्ये व्हिनिलमध्ये उतरतात आणि पिवळा-तपकिरी डाग पडतो, जो पृष्ठभागावर नसून आतच असल्याने घासून निघत नाही. पाहुण्यांसाठी निवास-न्याहारीच्या खोल्या चालविणाऱ्यांनी तर याचा विशेष बंदोबस्त करावा, कारण समुद्रातून थेट खोलीत येणारा पाहुणा वाळू, मीठ आणि ओल हे तिन्ही जिन्नस एकदम घेऊन येतो.

झाडण्याचे साधनही विचारपूर्वक निवडावे. माडाच्या हिरांची वाडवण बाहेरच्या खळ्यासाठी उत्तम. तिचे टोकदार हीर व्हिनिलवर फिरले की वाळूचे कण पुढे ढकलले जाण्याऐवजी दाबले जातात. आत मऊ गवताची केरसुणीच वापरावी, आणि ओले फडके फिरविण्यापूर्वी जमीन कोरडी झाडून घेणे कधीही चुकवू नये. न झाडता पुसणे म्हणजे वाळू कालवून जमिनीला पॉलिशकागद लावण्यासारखेच.

येथवर कोरड्या शत्रूची हकीकत झाली; ओल्याची याहून गुंतागुंतीची आहे. सिंधुदुर्गात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जांभ्या चिऱ्याचा चौथरा सच्छिद्र असल्याने जमिनीतील ओल वर चढते. सारवलेली जमीन ती ओल हवेत सोडून देई. पावसाळ्यात तिला येणारा विशिष्ट वास हा या श्वासोच्छ्वासाचाच होता. व्हिनिल पाणी आरपार जाऊ देत नाही, ही त्याची जाहिरातीतील कीर्ती, परंतु याच गुणामुळे खालून आलेली ओलही त्याच्याखाली कोंडली जाते. मग बुरशी धरते, चिकटवलेल्या ठिकाणी डिंक सुटतो, फुगवटे येतात, आणि गृहिणी वरून कितीही पुसत राहिली तरी कुबट वास जात नाही. शेणाच्या जमिनीवर व्हिनिल अंथरणे हा प्रमाद कोणी करू नये. नव्या कोब्यावरही, कोबा पुरता सुकल्याखेरीज, ते अंथरू नये. सुकला की नाही हे ताडण्यास सोपी तजवीज आहे: दीड हात चौरस प्लास्टिकचा कागद कोब्यावर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि एक दिवस जाऊ द्यावा, कागदाच्या आतल्या अंगाला दव धरले किंवा खालचा कोबा गडद दिसला, तर ओल अजून अंमल गाजवीत आहे असे समजावे. ज्यांनी सुटे आच्छादन अंथरले आहे त्यांनी पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा त्याची एक बाजू दुमडून खाली वारा लागू द्यावा. पुसताना फडके घट्ट पिळून घ्यावे. बादलीभर पाणी ओतून खराट्याने बाहेर लोटण्याची मोझॅकवरील पद्धत येथे घातक, कारण सांध्यांतून शिरलेल्या पाण्याला परतीची वाट नसते.

समुद्रकाठच्या घरांत जमीन पुसल्यानंतरही चिकट लागते, ही तक्रार सार्वत्रिक आहे. समुद्राच्या मिठात निव्वळ सोडियम क्लोराइड नसते, मॅग्नेशियमचे क्षारही असतात आणि ते हवेतील बाष्प शोषून पाझरतात. १९३० च्या सत्याग्रहाने ज्या शिरोड्याच्या मिठागरांचे नाव सर्वतोमुखी केले, त्या मिठागरांसारख्या ठिकाणचे जाडे मीठ आषाढात बरणीत पाणी धरते ते याच कारणाने. वाऱ्याबरोबर आलेले हे क्षार जमिनीवर सूक्ष्म थर धरतात. त्यावर उपाय गोड्या पाण्याचा, दुसरा कशाचाही नव्हे. खाडीकाठच्या गावांत उन्हाळ्यात विहिरींचे पाणी मचूळ होते तेव्हा मात्र अडचण येते, कारण खाऱ्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. उलट साबण दह्यासारखा फुटून जमिनीवर पांढुरका थर धरतो. अशा वेळी आजीच्या बटव्यातला रिठा कामास येतो. त्यातील सॅपोनिन हे द्रव्य खाऱ्या वा जड पाण्यातही फेसाळते. मूठभर रिठ्यांची टरफले रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवून सकाळी उकळावीत, पाणी गाळून घ्यावे, आणि अर्ध्या बादलीत त्याची एक वाटी घालावी. मुलांच्या डोळ्यांत जाणार नाही एवढी खबरदारी घ्यावी, कारण रिठा झोंबतो. साबण वापरलाच तर तो सौम्य आणि थोडा असावा, आणि नंतर निव्वळ पाण्याचे फडके अवश्य फिरवावे. न धुतलेला साबण सुकून चिकट पापुद्रा होतो, त्याला धूळ धरते, धूळ दिसली म्हणून पुन्हा साबण पडतो, आणि जितकी स्वच्छता अधिक तितकी जमीन मळकट, असा विचित्र मामला होऊन बसतो.

हा पापुद्रा काढण्यास शिर्का उपयुक्त आहे. बाजारातील पांढऱ्या शिर्क्यात चार-पाच टक्के ॲसेटिक आम्ल असते. त्याची एक वाटी चार-पाच लिटर पाण्यात घालून फडके फिरवावे आणि मागाहून साधे पाणी. पंधरा दिवसांतून एकवार पुष्कळ झाले. रोजचा आंबट हात वरच्या थराची चकाकी घालवतो. माडीपासून घरी केलेला शिर्का स्वयंपाकात राखावा, कारण त्याचा रंग आणि त्यातील अवशेष जमिनीस नको आहेत. शहाबादीवर, मोझॅकवर आणि कोब्यावर मात्र शिर्क्याला पूर्ण मज्जाव, कारण त्यांतील चुन्याचा अंश आम्लाने खाल्ला जातो. एकाच घरात वळईला व्हिनिल आणि पडवीला कोबा असेल तर दोन्हीकडे एकच बादली फिरवू नये. खाण्याचा सोडा हा निराळ्या जातीचा, किंचित क्षारधर्मी आणि अत्यंत सौम्य घर्षक. ओल्या फडक्यावर चिमूटभर घेऊन बोटभर डागापुरता तो वापरण्यास हरकत नाही. परंतु शिर्का आणि सोडा एकत्र करण्याची जी फॅशन अलीकडे निघाली आहे, ती शोभेच्या दारूपेक्षा अधिक उपयोगाची नाही. फसफसणे डोळ्यांना सुखावते खरे. पण आम्ल आणि क्षार परस्परांना निकामी करून मागे कार्बनी वायू, पाणी आणि सोडियम ॲसिटेट उरते, आणि मळाला त्याची फारशी दखल घ्यावी लागत नाही.

डागांचे शास्त्र मात्र रसाळ आहे, विशेषतः मालवणी स्वयंपाकघरात. हळद ही यांतील पहिली मानकरी. तिचा रंग तेलात विरघळतो, म्हणून माशाच्या सारातील किंवा तळणीतील तेलासह तो व्हिनिलच्या अंगात मुरतो, आणि त्यावर घाईघाईने साबण चोळला की डाग पिवळ्याचा तांबडा होतो. हा चमत्कार क्षाराचा, डाग वाढल्याचा नव्हे. तेल आधी कोरड्या कापडाने टिपून घ्यावे, सौम्य साबणाने पुसावे, आणि उरलेला पिवळेपणा उन्हावर सोपवावा, कारण हळदीचा रंग प्रकाशात टिकत नाही. खिडकीतून येणाऱ्या उन्हाची तिरीप दोन-चार दिवस त्या जागी पडू दिली तर जे सोड्याने साधले नाही ते साधते. कोकमाचे उलट आहे. सोलकढीचा वा आगळाचा लाल रंग आंबटात लाल राहतो आणि क्षारात निळसर-मळकट होतो. तेव्हा तेथे प्रथम पाणी, मग शिर्क्याचे पाणी, आणि साबण शेवटी. माशांच्या वासाचा इलाज स्वयंपाकघरानेच शिकविलेला आहे. हा वास उडून जाणाऱ्या अमाइन द्रव्यांचा, आणि आम्लाशी संयोग होताच ती जागीच बांधली जातात. बांगड्याच्या तिखल्यात आंबट घालण्याने जे होते तेच लिंबाच्या किंवा शिर्क्याच्या पाण्याने जमिनीवर होते.

फणसाचा चीक पाण्याने किंवा साबणाने हलत नाही, हे विळीशी बसलेल्या कोणासही सांगावे लागत नाही. हाताला लावतो तेच खोबरेल तेल डागावर लावावे, चीक सुटताच कापडाने उचलावा आणि तेल तत्काळ साबणाने धुवून टाकावे. मुरू दिल्यास तेल वर सांगितलेला अपकार करते, शिवाय घसरून पडण्याचा धोका निराळा. रबरी चपलांचे काळे ओरखडे शाळकरी खोडरबराने निघतात, शाईचा डाग स्पिरिटच्या बोळ्याने टिपून. काजूच्या टरफलातील तेलापुढे मात्र हात टेकावेत. वेंगुर्ल्यापासून मालवणपर्यंत घरोघर मार्च ते मे या काळात बिया फोडल्या वा भाजल्या जातात, आणि कातडीला फोड आणणारे ते तेल हवेत घट्ट होऊन रोगणासारखे बसते. रंग आणि राळ बनविणाऱ्या कारखान्यांना ते हवे असते ते याच गुणासाठी. काजूचे काम व्हिनिलवर करूच नये, घराबाहेरच्या मांगरात करावे.

लोखंडाच्या गंजाची वर्तुळे हा किनाऱ्याचा खास रोग. खाऱ्या हवेत कपाटाचे पाय आणि विळीची बैठक लवकर गंजते, आणि ओल्या जमिनीवर तांबूस वर्तुळ उमटते. परसातल्या झाडाला खोडापासून लगडणारी बिंबले, ज्यांना अन्यत्र बिलिंबी म्हणतात, ती येथे नामी औषध आहेत. त्यांतील ऑक्झॅलिक आम्ल गंजातील लोहाला धरून पाण्यात विरघळणाऱ्या रूपात आणते. पिकलेले बिंबल चिरून डागावर चोळावे, पाच-दहा मिनिटे राहू द्यावे आणि स्वच्छ धुवावे. पुन्हा वर्तुळ उमटू नये म्हणून पायांखाली लाकडाचे तुकडे द्यावेत. रबराच्या टोप्या नकोत, कारण वर सांगितलेलेच.

एका बाबतीत सौम्यपणा सोडून स्पष्ट बोलले पाहिजे. पावसाळ्यात बुरशीवर ब्लिचिंग पावडरचे पाणी फिरविण्याची रीत आहे, आणि ते पातळ असेल तर अधूनमधून चालते. पण त्यात शिर्का, लिंबू वा संडास धुण्याचे आम्ल कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू सुटतो, तोच ज्याचा जर्मन सैन्याने १९१५ मध्ये बेल्जममधील इप्र येथे रणांगणात वापर केला. बंद न्हाणीघरात त्याची थोडी मात्राही छाती कोंडण्यास पुरेशी आहे.

उष्णतेबद्दलही थोडे. चतुर्थीपूर्वी घर नटविताना नवे व्हिनिल अंथरण्याचा प्रघात पडला आहे, आणि नेमक्या त्याच दिवसांत त्यावर समया, निरांजने, धुपाटणी आणि चुलीवरून उतरलेले टोप येऊन बसतात. मऊ पीव्हीसी उकळत्या पाण्याहून कमी तापमानालाच ढिले पडते, आणि उदबत्तीच्या निखाऱ्याने पडलेले भोक कायमचे. समईखाली परात, टोपाखाली पाट, धुपाटण्याखाली चिऱ्याचा तुकडा ठेवणे एवढेच त्याचे उत्तर आहे. गणपतीच्या माटवीसमोर व्हिनिल मुळीच न अंथरता ती जागा उघडी ठेवणारी घरेही आहेत, आणि मला त्यांचाच निर्णय शहाणपणाचा वाटतो.

राहिला प्रश्न झिजून गेलेल्या आच्छादनाचा. कोकणात नको असलेली प्रत्येक वस्तू शेवटी न्हाणीच्या चुलीत जाते, सोडणे, झावळ्या, पिढे, जुने पाटसुद्धा. व्हिनिल त्या चुलीत घालू नये. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू सुटतो, शिवाय डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्येही तयार होतात, आणि त्या धुराजवळच अंघोळीचे पाणी तापत असते. शहरातील नगरपरिषदेच्या सुक्या कचऱ्यात ते द्यावे, किंवा पाणी अडविण्याचा जो त्याचा गुण वळईत त्रासदायक ठरला तोच कामी आणून मांगरात सरपणाच्या राशीखाली त्याचे तुकडे पसरावेत, म्हणजे जमिनीची ओल लाकडांना लागत नाही.